ग्रॅफाइट फ्लोटेशनचं स्वयंचलन: प्रकल्प नोंदी, नागपूर, २०२५

१० फेब्रुवारी

ऑर्डर आली. पश्चिम ओडिशातला ग्रॅफाइटचा प्लांट, खाणीला लागूनच. काम फ्लोटेशनचं: दळलेला खडक पाण्यात कालवून सेल नावाच्या टाक्यांत हवेचे बुडबुडे सोडायचे; ग्रॅफाइट बुडबुड्यांना चिकटून फेसात वर येतं, बाकीचा खडक खाली राहतो. तितलागढ स्टेशनला उतरायचं आणि पुढे जीपने जंगलातून. मोबाइलची रेंज गेटपाशी एक कांडी, मिलच्या शेडमागे तीही नाही. आज तिथे सेलची हवा, फेसाची जाडी, रॉकेल आणि फ्रॉदरचा (फेस आणणाऱ्या रसायनाचा) डोस हे सगळं शिफ्टचा ऑपरेटर फेसाकडे बघून हाताने जुळवतो. तिथे प्रगत प्रक्रिया नियंत्रण बसवायचं आहे, म्हणजे हे जुळवायचं काम संगणकाने करायचं. कंट्रोलर खाणीवर राहणार, आम्ही हिंगणा एमआयडीसीतल्या ऑफिसातून लक्ष ठेवणार.

ऑफिसातला पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे: ‘पेन्सिलीसाठी एवढा खर्च काहून करते बाप्पा?’ पेन्सिलीत फार थोडं जातं. जास्त खप भट्ट्यांच्या उष्णतारोधक विटांत, क्रूसिबलमध्ये आणि आता लिथियम-आयन बॅटरीच्या अ‍ॅनोडमध्ये. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, तीत ग्रॅफाइट आहे. त्याच वर्षी डिसेंबरपासून चीनने काही प्रकारच्या ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. ग्राहकाला एकदम घाई का झाली ते यावरून कळतं.

१४ फेब्रुवारी

सगळ्यात मोठी अडचण पहिल्याच बैठकीत समोर आली. तांब्याच्या किंवा शिसे-जस्ताच्या मोठ्या प्लांटमध्ये वाहत्या स्लरीवर (पाण्यात कालवलेल्या दळलेल्या खडकावर) क्ष-किरणांचा विश्लेषक बसवलेला असतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी तो फीड (आत जाणारा माल), कॉन्सन्ट्रेट (मिळालेला माल) आणि टेलिंग (उरलेला टाकाऊ गाळ) यांमधल्या धातूचं प्रमाण सांगतो, आणि कंट्रोलर त्या आकड्यावर चालतो. कार्बन हलकं मूलद्रव्य. त्यातून निघणारे क्ष-किरण इतके दुबळे की पाण्यातून आणि खिडकीच्या पातळ पडद्यातून बाहेर येईपर्यंत संपतात. म्हणजे ज्या आकड्यासाठी सगळा खटाटोप, तोच आकडा आपल्याला वेळेवर मिळणार नाही.

तिथली पद्धत जुनी आणि सरळ आहे. नमुना गाळायचा, वाळवायचा, मफल फर्नेसमध्ये जाळायचा, राख आणि वाफेत जाणारा भाग वजा करायचा. उरला तो स्थिर कार्बन. उत्तर हाती येईपर्यंत अर्धी शिफ्ट सरते. तेवढ्या वेळात मिलमध्ये दुसराच खडक आलेला असतो.

तर ठरलं असं: कंट्रोलर फेसाचा वेग आणि मास पुल यांवर चालेल. मास पुल म्हणजे फीडमधला किती भाग फेसातून बाहेर पडतो. प्रयोगशाळेचा आकडा उशिरा का होईना येईल, तेव्हा लक्ष्य थोडं वरखाली करायचं. प्रोसेसवाल्या मॅडमना हे पटलं. सेल्सवाल्यांना नाही, कारण त्यांच्या सादरीकरणात ‘ऑनलाइन ग्रेड कंट्रोल’ असं आधीच छापून गेलं आहे.

२१ फेब्रुवारी

इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा आणि पायलट प्लांट आपल्या ऑफिसजवळ हिंगण्यातच आहे. गावातच खनिजाची एवढी मुख्यालयं (ब्यूरो, मॉइल, वेस्टर्न कोलफिल्ड्स) आणि नागपूरच्या पोरांना मात्र खाण म्हटलं की फक्त कोळसा आठवतो.

वाचताना एक गंमत सापडली, नोंदवून ठेवतो. फ्लोटेशनचा इतिहास सहसा ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलपासून, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सांगतात. पण ड्रेस्डेनच्या बेसेल बंधूंनी १८७७ मध्येच तेल आणि उकळतं पाणी वापरून ग्रॅफाइट तरंगवण्याचं पेटंट घेतलं होतं. साहजिक आहे. ग्रॅफाइट मुळातच पाण्याला अंगाशी येऊ देत नाही. तांब्याच्या खनिजाला झँथेट नावाचं रसायन लावून जे शिकवावं लागतं, ते याला जन्मजात येतं. थोडं रॉकेल मदतीला दिलं की पुरे.

मग अवघड काय? अवघड हे की ते फार सहज तरंगतं आणि येताना मातीही घेऊन येतं. शिवाय पापुद्रे मोठे ठेवायचे असतात, कारण मोठ्या पापुद्र्याला भाव जास्त. म्हणून एकदाच बारीक दळून मोकळं होता येत नाही. आधी जाडसर दळा, रफरमध्ये (पहिल्या टप्प्याच्या सेलमध्ये) तरंगवा, कॉन्सन्ट्रेट हलकेच पुन्हा दळा, क्लीनरमध्ये (पुढच्या टप्प्याच्या सेलमध्ये) धुवा, परत दळा, परत धुवा. या साखळीत मागच्या टप्प्यावर जरा डोलारा हलला की पुढचे सगळे टप्पे हलतात.

६ मार्च, साइट

समता एक्स्प्रेसने आलो. प्लांट पाहिला. सगळं काळं आणि चकचकीत: रेलिंग, हेल्मेट, चहाचा कप, कुत्रं.

पहिली पाहणी पॅनेलची. दार उघडलं तर टर्मिनलवर राखाडी थर. कोळशाची धूळ पॅनेलमध्ये गेली तर आपण पुसून पुढे जातो. ग्रॅफाइटची धूळ वीज वाहते. दोन टर्मिनलच्या मध्ये थर साचला की सिग्नल हळूहळू सरकतो आणि एक दिवस कार्ड जातं. इन्स्ट्रुमेंटवाला भाऊ म्हणाला, कार्डं ‘अपने आप’ जळतात. कंट्रोलरची कुठलीही चर्चा करायच्या आधी पॅनेलना धूळबंद रबरी पट्ट्या आणि आत गाळलेल्या हवेचा किंचित दाब, हे यादीत सर्वात वर.

पातळी मोजायची व्यवस्था: सेलमध्ये तरंगता गोळा, त्याच्या दांड्यावर चकती, वर अल्ट्रासॉनिक सेन्सर. फेस असलेल्या सेलमध्ये सेन्सरने सरळ खाली बघितलं तर तो फेसालाच पाणी समजतो, म्हणून ही गोळ्याची युक्ती जगभर वापरतात आणि ती चांगली आहे. पण इथे गोळ्यावर तेलकट ग्रॅफाइट बसून तो जड होतो, किंचित बुडतो, आणि पातळी आहे त्यापेक्षा कमी दिसते. कंट्रोलर मग प्रामाणिकपणे पातळी वाढवतो आणि फेसासोबत स्लरीच लाँडरमध्ये (फेस गोळा करणाऱ्या नालीत) उतरते. वीजवाहकतेवर चालणारे पातळीचे प्रोब सुचवले होते कुणीतरी. ग्रॅफाइटमध्ये ते विसरायचं.

उपाय फुकटचा आहे: प्रत्येक शिफ्टला गोळा धुणे. पाण्याची नळी तिथेच लोंबते आहे.

८ मार्च, साइट

रफरच्या रांगेत पातळी डुलते आहे. पहिल्या सेलची पातळी वरखाली झाली की त्याचा धक्का दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. शेवटच्या सेलला पोचेपर्यंत लाट मोठी होते आणि तिथला फेस कधी कोरडा तर कधी वाहता.

सर्वांचं मत, ‘पीआयडी ट्यून करा.’ पीआयडी म्हणजे पातळी जागेवर ठेवणारा नेहमीचा कंट्रोलर. ट्यूनिंगला हात लावायच्या आधी साधी चाचणी केली. लूप (माप, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची साखळी) मॅन्युअलला घेतला, व्हॉल्व्ह एका जागी धरला आणि वाट पाहिली. डुलणं थांबलं, तर दोष याच लूपमध्ये. चालूच राहिलं, तर ते वरून येतंय. पहिल्या सेलला थांबलं. ट्रेंड मोठा करून बघितला: कंट्रोलरचं आउटपुट करवतीच्या दात्यांसारखं चढत-उतरत होतं. व्हॉल्व्ह चिकटतोय. आउटपुट थोडं बदललं तर तो जागचा हलत नाही, बरंच बदललं की एकदम उडी मारतो. ट्यूनिंगने हे जात नाही, फार तर डुलणं संथ होतं. स्पिंडल (व्हॉल्व्हचा दांडा) काढला. गाळ आणि ग्रॅफाइटचा लेप, व्हॉल्व्ह हव्या जागी नेणाऱ्या पोझिशनरची लिंकही ढिली.

रात्री साहेबांनी विचारलं, एआय कधी सुरू होणार. मी म्हटलं, आधी व्हॉल्व्ह सुरू होऊ द्या.

२४ मार्च

नागपूर. व्हॉल्व्ह दुरुस्त होऊन आले, पॅनेल धूळबंद केले, असा फोन आला. पातळीच्या लूपना फीडफॉरवर्ड जोडलं: वरच्या सेलचा व्हॉल्व्ह जेवढा उघडेल त्या प्रमाणात खालचा व्हॉल्व्ह लगेच उघडायचा, पातळी बिघडायची वाट पाहायची नाही. ट्रेंडवरची लाट शेवटच्या सेलपर्यंत जाता जाता आता मोठी होत नाही. माझं स्पष्ट मत: या प्लांटला जो फायदा होणार आहे त्यातला मोठा तुकडा इथेच पडला. त्याचं बिल मात्र कुणी ‘प्रगत’ म्हणून लावू देणार नाही.

११ एप्रिल

फेसावरचा कॅमेरा. दुसऱ्या खनिजांमध्ये या कॅमेऱ्याचं काम सोपं असतं: बुडबुड्याच्या डोक्यावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं, तेवढे ठिपके मोजून बुडबुड्यांचा आकार काढायचा, आणि लागोपाठच्या चित्रांमध्ये तोच तुकडा किती सरकला यावरून वेग. ग्रॅफाइटचा फेस स्वतःच आरशासारखा. प्रत्येक पापुद्रा चमकतो, आणि सॉफ्टवेअरला एका बुडबुड्यात दहा बुडबुडे दिसतात.

दिव्यावर दुधी पडदा लावून प्रकाश पसरवला, वरून छत टाकून शेडमधली उन्हाची तिरीप अडवली. आता वेग भरवशाचा मिळतो. बुडबुड्याच्या आकारावर भरवसा नाही, आणि तो कंट्रोलरमधून काढून टाकला. पुरवठादाराच्या माणसाला हे लागलं. त्याच्या माहितीपत्रकात अठरा गुणधर्म आहेत. आम्हाला एक हवा होता.

काचेवर सतत हवेचा झोत हवाच, नाहीतर दुपारपर्यंत काच काळी.

२९ एप्रिल

हवेच्या लक्ष्याबद्दल चर्चा लांबली. ऑपरेटरचा अनुभव: हवा वाढवा, माल जास्त येतो. खरं आहे, एका हद्दीपर्यंत. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात यान सिलिअर्स यांच्या गटाने दाखवलेली गोष्ट इथे लागू पडते. सेलमध्ये सोडलेल्या हवेपैकी किती हवा न फुटता बुडबुड्यांच्या रूपात काठावरून बाहेर पडते, त्या प्रमाणाला ते एअर रिकव्हरी म्हणतात. हवा कमी असेल तर बुडबुडे मालाने जड होऊन काठापर्यंत येईपर्यंत फुटतात. जास्त असेल तर फेस पातळ होऊन फुटतो. मधे कुठेतरी शिखर असतं, आणि त्या शिखरापाशी चालवलं की रिकव्हरी (फीडमधल्या ग्रॅफाइटपैकी हाती येणारा भाग) सहसा चांगली मिळते.

मोजायला काय लागतं? फेसाचा वेग, काठावरची उंची, काठाची लांबी, यांचा गुणाकार भागिले हवेचा प्रवाह. वेग कॅमेरा देतो, लांबी टेपने मोजली, हवेचा मीटर आहे. काठावरच्या उंचीसाठी खुणांची पट्टी लावून कॅमेऱ्याने वाचायची. पहिल्या रफर सेलवर करून बघू. सगळीकडे नको; पट्टी धुवायलाच एक माणूस लागेल.

१५ मे

नागपूर तापलंय, दुपारी रस्ते ओस. साइटवर स्टेप टेस्ट चालू.

स्टेप टेस्ट म्हणजे एकेक बटण मुद्दाम थोडं हलवायचं आणि बाकीचं काही न हलवता परिणाम बघत बसायचं. हवा वाढवली की फेसाचा वेग मिनिटाभरात बदलतो. पातळी वाढवली की थोड्या मिनिटांत. रॉकेलची गंमत निराळी: ते पाण्यात विरघळत नाही, कंडिशनरमध्ये (रसायन मिसळायच्या टाकीत) थेंब थेंब होऊन पापुद्र्यांवर बसायला वेळ लागतो, म्हणून डोसचा परिणाम कुठे वीस मिनिटांनी दिसू लागतो आणि नंतर बराच वेळ पसरत राहतो. अधीर ऑपरेटर तेवढ्यात आणखी दोनदा वाढवून ठेवतो, मग सगळं एकदम येतं.

मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल नेमकं याच दुखण्यावरचं औषध. १९७० च्या दशकात शेल कंपनीत कटलर आणि रॅमेकर यांनी ही पद्धत तेल शुद्धीकरणासाठी बसवली: प्रत्येक बटणाचा प्रत्येक मापावर किती आणि किती उशिरा परिणाम होतो याचा तक्ता ठेवायचा, पुढचा काही काळ आधीच गणिताने बघायचा, मर्यादा न मोडता सर्वांत बरी चाल शोधायची, त्यातली फक्त पहिली चाल खेळायची आणि पुढच्या मिनिटाला सगळं गणित नव्याने. आपल्या तक्त्यात बटणं चार: हवा, पातळी, रॉकेल, फ्रॉदर. मापं तीन: फेसाचा वेग, मास पुल, पुन्हा दळायच्या मिलची घनता. आणि आपल्या हातात नसलेले दोन धक्के: फीडचे टन आणि फीडची घनता.

एक अट फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिली: नागपूरहून खाणीतल्या कुठल्याही व्हॉल्व्हला आज्ञा जाणार नाही. माहिती एकाच दिशेने, तिकडून इकडे. बदल करायचा तर साइटच्या माणसाने तिथल्या संगणकावर मंजूर करायचा.

३ जून

फ्रॉदरच्या मॉडेलचे आकडे जुळेनात. मेच्या सुरुवातीची टेस्ट एक सांगते, शेवटची दुसरं. कारण मॅडमनी काढलं. उन्हाळ्यात ताजं पाणी कमी, प्लांट टेलिंग तलावाचंच पाणी फिरवून वापरतो, आणि त्या पाण्यात आधीचा फ्रॉदर शिल्लक असतो. म्हणजे डोस शून्य केला तरी फेस येणारच. पाऊस लागला की हे पुन्हा बदलेल. फ्रॉदरला कंट्रोलरमध्ये अगदी छोटी मोकळीक द्यायची आणि लक्ष्य हंगामाप्रमाणे हाताने, असं ठरवलं.

१९ जून

प्रयोगशाळेच्या आकड्यांवरून वाद. हा नीट लिहून ठेवायला हवा, कारण पुढे पैशाचा प्रश्न यावरच येणार.

रिकव्हरी काढायला सगळे दोन उत्पादनांचं सूत्र वापरतात. उदाहरण घेऊ. फीडमध्ये कार्बन १० टक्के, कॉन्सन्ट्रेटमध्ये ९०, टेलिंगमध्ये १.५. फीड वजा टेलिंग ८.५, कॉन्सन्ट्रेट वजा टेलिंग ८८.५. भागाकार केला की दर शंभर टन फीडमागे साधारण ९.६ टन कॉन्सन्ट्रेट, आणि रिकव्हरी ८६.४ टक्के. आता टेलिंगचा आकडा १.५ ऐवजी १.० धरा, बाकी सगळं तेच. रिकव्हरी थेट ९१.० टक्के. टेलिंगमधला अर्ध्या टक्क्याचा फरक रिकव्हरीला साडेचार टक्क्यांहून जास्त हलवतो.

आणि टेलिंगचाच आकडा सर्वांत कच्चा. तिथे वाफेत जाणारा भाग नीट वेगळा होत नाही, नमुना जाळल्यावर जे वजन घटतं ते जवळपास सगळं कार्बनचं धरलं जातं. पण या पट्ट्यात ग्रॅफाइट खोंडालाइट खडकात येतं, आणि तो हवामानाने कुजला की त्यात चिकणमाती होते. चिकणमाती आणि अभ्रक तापवलं की त्यांच्या स्फटिकात बांधलेलं पाणी निघून जातं. तेही वजन घटतंच. कॉन्सन्ट्रेटमध्ये मातीच कमी, त्यामुळे चूक नगण्य. टेलिंगमध्ये जवळजवळ सगळी मातीच, आणि कार्बन एक-दीड टक्का. तिथे ही चूक आकड्याएवढीच मोठी होऊ शकते. मातीचा खडक आला की कागदावर रिकव्हरी पडते आणि ऑपरेटरला विनाकारण बोलणी बसतात.

टेलिंगचे निवडक नमुने आम्लाने धुऊन, ऑक्सिजनमध्ये जाळून, निघणारा कार्बन डायऑक्साइड इन्फ्रारेडने मोजणाऱ्या यंत्रावर करायला पाठवायचे. तोवर रिकव्हरीचा एकही आकडा अहवालात जाणार नाही. साहेब नाराज. असू देत.

१४ जुलै, साइट

कंट्रोलर चालू केला. आधी नुसता सल्ला देण्याच्या अवस्थेत: पडद्यावर ‘मी असतो तर हवा इतकी केली असती’ एवढंच. ऑपरेटर शेजारी स्वतःच्या मनाने चालवत होते आणि दोन्ही आकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी एक जण म्हणाला, ‘ये तो मेरे जैसा ही करता है, बस जल्दी करता है.’ मग लूप पूर्ण जोडला, म्हणजे प्लांट खरोखर कंट्रोलरच्या हातात दिला.

विजेचा झटका आला दुपारी. कंट्रोलरचा संगणक पुन्हा सुरू व्हायला लागला तेवढ्यात पीएलसीने (व्हॉल्व्ह प्रत्यक्ष चालवणाऱ्या साध्या औद्योगिक संगणकाने) ओळखलं की वरून येणारा ठोका थांबलाय, आणि सगळे लूप शेवटच्या सेटपॉइंटवर (ठरवून दिलेल्या लक्ष्यावर) स्वतःकडे घेतले. फेसात काही जाणवलं नाही. हा ठोका एका बिटचा, दर काही सेकंदांनी शून्य-एक होणारा. या सगळ्या गाजावाजाच्या प्रणालीतला सर्वांत महत्त्वाचा बिट तोच आहे.

२५ ऑगस्ट

मारबत होऊन गेली, शहर परत कामाला लागलं. मी मागच्या महिन्याच्या वापराचा तक्ता काढला. कंट्रोलर किती वेळ चालू होता, ते शिफ्टनिहाय. दिवसपाळीत जवळजवळ सतत चालू. रात्रपाळीत मधेच तासन्‌तास बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. पहिला अंदाज ऑफिसातल्या सर्वांचा एकच: रात्री कुणी बघायला नाही, म्हणून बंद करून ठेवतात.

ट्रेंड बघितला तर हे पटत नाही. बंद करून झोपणारा माणूस सेटपॉइंटला हात लावत नाही. इथे बंद केल्यावर लगेच हवा कमी, पाणी जास्त, सोडियम सिलिकेट (माती फेसात येऊ न देणारं रसायन) जास्त, असं दर काही मिनिटांनी काहीतरी केलेलं दिसतं. बंद करणारा माणूस जागा आहे आणि काहीतरी ओळखून करतोय. काय, ते इथे बसून कळणार नाही. २८ तारखेला तिकडे नुआखाई, नव्या धानाचा सण; त्या आठवड्यात प्लांटवर माणसं मोजकीच. सणानंतर जायचं.

४ सप्टेंबर, साइट

रात्रपाळीला बसलो.

साडेबाराच्या सुमारास ऑपरेटरदादा उठला आणि शेडच्या दारात जाऊन उभा राहिला. रॅम्पवर डंपर रिकामा होत होता. परत येऊन त्याने कंट्रोलर बंद केला. मी विचारलं, तर म्हणाला, ‘मिट्टी आ रही है, साब. लाल-पीला माल.’

पावसाळ्यात खालचा खोल बेंच (खाणीची पायरी) पाण्याखाली जातो, म्हणून रात्री वरच्या, कुजलेल्या बेंचचा माल येतो. दिवसा अधिकारी असतात, तेव्हा साठवलेला चांगला ढीग चालवतात. रात्रपाळीचं सारं गूढ एवढंच. मातीचा माल मिलमधून सेलला पोचला की फेस फुगतो, चिकट होतो, वेग चांगला दिसतो. कॅमेरा खूश, कंट्रोलर खूश, कारण वेग आणि मास पुल दोन्ही लक्ष्यावर. पण फेसात ग्रॅफाइट कमी आणि बारीक माती जास्त, बुडबुड्यांमधल्या पाण्यासोबत वर आलेली. प्रयोगशाळेला ते सकाळी कळतं. ऑपरेटरला रात्री साडेबारालाच कळलेलं असतं.

त्याने हवा उतरवली, फेसाची जाडी वाढवली म्हणजे पाणी निथळायला वेळ मिळेल, सिलिकेट वाढवलं, फीडमध्ये पाणी वाढवलं. सगळं पुस्तकाप्रमाणे, पुस्तक न बघता. बोटांमध्ये फेस चोळून दाखवला: चांगला माल निसरडा लागतो, मातीचा माल किंचित खरखरतो. हा सेन्सर बाजारात मिळत नाही.

५ सप्टेंबर, साइट

सकाळी प्लांट मॅनेजर साहेबांशी बोललो. त्यांचा पहिला विचार ऑपरेटरकडून बंद करण्याचा अधिकार काढून घेण्याचा होता. मी म्हटलं, त्याच्याकडे एक माहिती आहे जी आमच्या एकाही मीटरकडे नाही, तर ती आत घ्यायची सोय करू. कंट्रोलरच्या पडद्यावर तीन बटणं: ताजा खडक, मिश्र, मातीचा. डंपर बघून दाबायचं. बटण दाबलं की तेवढ्यानेच काही हलणार नाही. माल मिलमधून सेलला पोचायला लागणारा वेळ मोजून मग लक्ष्यं हळूहळू सरकतील: वेग कमी, फेस जाड, मास पुलची वरची मर्यादा खाली. सिलिकेट आधी हाताने होतं, तेही यादीत घेतलं.

साहेबांनी विचारलं, चुकीचं बटण दाबलं तर? प्रयोगशाळेचा आकडा आल्यावर दिसेलच, आणि मर्यादा अशा ठेवल्या आहेत की चुकीच्या बटणानेही प्लांट धोक्यात येत नाही. शिवाय आता मातीचा माल कधी आला याची नोंद वेळेसकट राहील. यावर खाणकामवाले जरा सावध झाले. बेंच कुठला चालवायचा याची जबाबदारी आजवर कुठेच लिहिली जात नव्हती.

२ ऑक्टोबर

विजयादशमी. दीक्षाभूमीकडे येणाऱ्या लोकांनी शहर भरलंय, ऑफिसला सुट्टी. घरूनच ट्रेंड बघितले. बटणं रोज दाबली जात आहेत. रात्रपाळीचा वापर दिवसपाळीच्या जवळ आला. एका रात्री ‘मिश्र’ आणि ‘मातीचा’ आलटून पालटून बऱ्याचदा दाबलेलं दिसलं. फोन केला तर कळलं, डंपर खरंच तसे आळीपाळीने येत होते. मग बटणापेक्षा डंपरवाल्यांशी बोललेलं बरं, असं दादाने ठरवलं आणि बोललाही.

१० नोव्हेंबर

ग्राहकाला एक आकडा हवा आहे: आधी किती, नंतर किती. देणार नाही, आणि कारण मेलमध्ये लिहिलं. ‘आधी’ म्हणजे उन्हाळ्यातला ताजा खडक आणि फिरवलेलं पाणी. ‘नंतर’ म्हणजे पावसाळ्यातली माती आणि ताजं पाणी. यांची तुलना करून नफा दाखवता येईल, तोटाही दाखवता येईल. आमच्या बाजूने चांगला आकडा निघत असेल तर तो जास्तच संशयाने बघायचा.

त्याऐवजी: पुढचे काही आठवडे कंट्रोलर एक दिवस चालू, एक दिवस बंद. कुठला दिवस कुठला ते नाणं उडवून आधीच ठरवायचं, म्हणजे ‘आज माल वाईट आहे, आज बंद ठेवू’ असं कुणाला करता येणार नाही. प्रत्येक दिवसाला खडकाचं बटण काय होतं तेही सोबत. ताज्याची ताज्याशी, मातीच्याची मातीच्याशी तुलना. टेलिंगचे नमुने दोन्ही पद्धतींनी. ऑपरेटर कुरकुरले, बंद दिवशी सगळं हाताने करायचं म्हणून. ही कुरकुर मला त्या एका आकड्यापेक्षा बोलकी वाटते, पण ती अहवालात घालता येत नाही.

१५ डिसेंबर

चाचणी चालूच आहे, निकाल नव्या वर्षात. आत्तापर्यंत ठामपणे सांगता येईल ते एवढंच: चालू दिवशी कॉन्सन्ट्रेटमधल्या कार्बनचा चढउतार बंद दिवसांपेक्षा कमी दिसतो, ताज्या खडकात स्पष्टपणे, मातीच्या मालात थोडा. रिकव्हरीबद्दल टेलिंगचे इन्फ्रारेडवाले आकडे पूर्ण आल्याशिवाय काही नाही.

हस्तांतराची कामं. मॉडेलच्या फायली आणि प्रत्येक मर्यादा का ठेवली त्याची कारणं साइटच्या संगणकावर हिंदीत. मर्यादा बदलायचा पासवर्ड तिथल्या इन्स्ट्रुमेंटवाल्या भावाकडे, नागपुरात प्रत नाही. गोळा धुण्याचं काम शिफ्टच्या वहीत सहीसह. पहिल्या सेलच्या व्हॉल्व्हची लिंक पुन्हा ढिली झाल्यासारखी ट्रेंडमध्ये दिसते आहे, आउटपुटला दाते यायला लागलेत. उद्या सकाळी फोन करून स्पिंडल बघायला सांगणे, आणि जादा पोझिशनर पुढच्या माणसासोबत गाडीने पाठवणे.